परसदारची पत्रं : पालक अजून देतोय, उपटू कशी?

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आमची आजी सांगायची. ती गेली की आठवड्याभरात माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जानेवारीत फ्लॉवरच्या गड्ड्यांचे फोटो येतात, सोबत मापाला नातवंडाचं डोकं. आता मात्र मटार पिवळा पडला, कोथिंबीर फुलावर गेली, भेंडी उगवेना. यावेळी त्यातली सहा पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी साताऱ्याला राहते. घरामागे दीड गुंठ्याचं परस आहे आणि गच्चीवर बावीस क्रेट. शेतकी शिक्षण काही नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे बागेतही दिवस मोजायची खोड आहे.

काकू, माझ्या गच्चीवर चौदा क्रेट आहेत. पालक, मेथी, टोमॅटो, थोडा मटार आणि चार कोबी. टोमॅटोला अजून फुलं आहेत, पालक दर आठवड्याला जुडीभर मिळतो. भेंडी, काकडी लावायची आहे पण जागाच नाही, आणि देतं पीक उपटायला हात धजत नाही. काय करू?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

माझाही धजत नव्हता, त्याची गोष्ट आधी सांगते. काही वर्षांपूर्वी मटारच्या वेलांवर अगदी शेंड्याला दहा-बारा शेंगा लोंबत होत्या. त्यांच्या आशेने मी तो वाफा मार्च संपेपर्यंत ठेवला. शेंगा भरल्याच नाहीत. मूठभर दाणे निघाले, तेही पिठूळ. भेंडी पेरायला एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला. त्या रोपांचं सगळं बालपण भर उन्हात गेलं, पांढरी माशी आली, पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आणि उन्हाळाभर मिळून दोन वेळची भाजी झाली. मूठभर मटार मला फारच महाग पडला.

आता हिशोब मांडा. भेंडीचं पहिलं फळ पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी मिळतं. आज पेरलीत तर एप्रिलच्या मध्याला तोडा सुरू होतो. महिनाभर थांबलात तर मेच्या मध्याला, म्हणजे झाड लहान असतानाच ऊन कडक. म्हणून उन्हाळी भाजी उन्हाळ्यात पेरायची नसते. ती थंडीच्या शेपटाला पेरायची, आणि त्या वेळी जागा अडवून बसलेलं पीक चांगलंच दिसत असतं. तुमची अडचण तीच आहे.

तुमच्या पिकांपैकी पहिला मटार काढा. पारा तिशीच्या वर गेला की त्याला शेंग धरत नाही. फक्त उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठी मातीतच राहू द्या, पुढच्या पिकाला उपयोगी पडतात. मटारासाठी बांधलेल्या सुतळ्या आणि काटक्याही सोडू नका, त्याच क्रेटमध्ये काकडीच्या तीन बिया टोचा. वेल आयता चढेल.

मेथीचा प्रश्नच नाही, ती एका संध्याकाळी मुळासकट उपटून निवडायला घ्या. कोबी उन्हात फुटतात, गड्डा हाताला घट्ट लागला की कापायचा.

टोमॅटो मात्र फसवतो. फुलं दिसतात म्हणून आपण पाणी घालत राहतो. फुलाच्या देठावर मध्येच एक सांधा असतो, तिथे बोटाने हलकेच टिचकी मारा. सांधा पिवळा पडून फूल हातात आलं, तर त्या झाडाची नवी फळधारणा संपत आली असं समजा. दिवसा पस्तीस अंश आणि रात्रही उबदार झाली की परागच निकामी होतो, त्याला खत घालून उपयोग नसतो. हिरवी फळं लागलेली दोन-तीन झाडं ठेवा, त्यांचा शेंडा खुडा, बाकीची काढा. राहिलेली फळं झाडावर लाल होण्याची वाट बघू नका. कडक उन्हात ती पिवळट-केशरीच राहतात. रंग फिरायला लागला की तोडून स्वयंपाकघरात टोपलीत ठेवा.

राहिला पालक. त्याच्यासाठी मी एक तडजोड करते. क्रेटच्या मधली पालकाची ओळ काढून टाकायची, तिथे एका वितीच्या अंतराने भेंडीच्या बिया लावायच्या, आणि कडेच्या दोन ओळींचा पालक कापत राहायचा. भेंडी वीतभर होईपर्यंत पालकाचा मधला दांडा वर सरकायला लागतो, पानं अरुंद आणि राठ होतात. तेव्हा तो काढायचा. तोपर्यंत त्याने भेंडीच्या कोंबांना थोडी सावलीही दिलेली असते.

चौदा क्रेट एकाच रविवारी रिकामे करू नका, नाहीतर महिनाभर भाजीवाल्याकडेच जावं लागेल. तीन रविवार घ्या. प्रत्येक क्रेटमधली माती हिवाळ्यात तीन-चार बोटं खाली बसलेली असेल, तेवढं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड घालून वर-खाली करा. आणि क्रेट थेट स्लॅबवर असतील तर खाली दोन-दोन विटा सारा. एप्रिलमध्ये स्लॅब तव्यासारखा तापतो, मुळं खालून भाजतात. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

भेंडीचं बी संक्रांतीला पेरलं. छान उगवावं म्हणून दोन दिवस पाण्यात भिजवलं होतं. वीसातल्या दोनच बिया उगवल्या. पाकीट नवीन होतं. बी खराब असेल का?
— एक वाचक, नाशिक

बी चांगलंच असणार. गडबड दोन ठिकाणी झाली. एक म्हणजे संक्रांतीला नाशकात भेंडी! शेजारच्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो, ते विसरलात का? भेंडीच्या बीला गरम माती लागते, पंचवीस अंशांच्या वर असेल तर उत्तम. गार ओल्या मातीत ते पडून राहतं आणि कुजतं. मी थर्मामीटर वापरत नाही. सकाळी आठ वाजता मातीत बोट पेराएवढं खुपसते, गार लागलं तर थांबते.

दुसरं म्हणजे दोन दिवस भिजवणं. भेंडीचं कवच टणक आहे म्हणून भिजवायचं हे खरं, पण रात्री घालून सकाळी काढायचं, तेवढंच. जास्त वेळ पाण्यात राहिलं तर बी गुदमरतं. आणि पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते स्वयंपाकाच्या वाटीत भिजवू नका, हातही साबणाने धुवा.

आता पुन्हा पेरा, अजिबात उशीर झालेला नाही. जात कुठली घ्यावी हेही तुम्ही विचारलं आहे. परभणी कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ मला मानवली. शिरा पिवळ्या पडण्याचा रोग तिला कमी येतो, आणि ती संकरित नसल्यामुळे दोन शेंगा झाडावर वाळवून पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता येतं. बंगळुरूच्या संस्थेची ‘अर्का अनामिका’ही चांगली. फळं लागायला लागली की एक दिवसाआड तोडा. चार दिवस गावाला जाणार असाल तर शेजारणीला सांगून जा, नाहीतर परत आल्यावर काठ्या मिळतील.

काकू, तुम्ही जानेवारीच्या अंकात लिहिलं होतं की दोडका धरत नसेल तर सकाळी नर फूल घेऊन मादी फुलाला लावावं. मी रोज सकाळी सात वाजता जाते, तर फुलं मिटलेली असतात. आणि मादी फूल कुठलं तेही कळत नाही. वेल मात्र मांडवभर पसरला आहे.
— एक वाचिका, चिपळूण

चूक माझी. सकाळी फुलतं ते घोसाळं. दोडका संध्याकाळी उमलतो, ऊन उतरलं की साडेपाच-सहाच्या सुमाराला. मी दोन्ही वेल एकाच मांडवावर लावते आणि लिहिताना घोळ केला. तुमची सात वाजताची खेप फुकट गेली, माफ करा. दुधीही संध्याकाळचाच. काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं ही सगळी सकाळची.

मादी फूल ओळखायला फुलाकडे बघू नका, त्याच्या मागे बघा. तिथे बोटाच्या पेराएवढा इवलासा दोडका असतो. नर फुलं घोसाने येतात, मागे नुसता देठ. पहिले काही दिवस तर वेलावर नरच नर असतात, त्याची काळजी करू नका. वेलाला अंदाज घ्यायला वेळ लागतो. पण महिना झाला तरी मादी दिसली नाही तर तुम्ही शेणखत फार घातलंय, असं मी म्हणेन. मांडवभर पानं पसरल्याचं तुम्ही कौतुकाने लिहिलंय, त्यावरून तेच वाटतं. खत थांबवा. एक ओंजळ राख घाला.

परागीकरणाचं काम आमच्याकडे दिवेलागणीला माझी नात करते. एक ताजं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात. दुसऱ्या दिवशी ती ‘आपला दोडका’ म्हणून त्याला लोकरीचा धागा बांधते. चार दिवसांत मागचा दोडका फुगायला लागला की जमलं. पिवळा पडून गळला तर नाही जमलं.

फळमाशीचंही विचारलं आहे. कोवळ्या दोडक्याला वर्तमानपत्राची सैल पिशवी करून बांधा, दोन्हीकडून हवा जाऊ दे. तुमच्या बागेत आंब्याला टांगलेला सापळा असेल, पण तो इथे कामाचा नाही. आंब्याच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉलचा वास लागतो, वेलभाज्यांवरच्या माशीला क्यू ल्यूर. कृषी सेवा केंद्रात नाव सांगून मागा, नुसता ‘फळमाशीचा’ म्हणाल तर बहुधा आंब्याचाच हातात पडेल.

आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंश असतात. अंगणात दहा बाय बाराचा तुकडा आहे, काळी माती. उन्हाळ्यात भाजी करायचा नाद सोडून द्यावा का?
— एक वाचक, नागपूर

नाजूक भाज्यांचा सोडा. उन्हाळ्यात काकडी, दोडक्याच्या मागे लागलात तर मेपर्यंत नुसता वेल जगवत बसाल. उन्हालाच बधत नाहीत अशा भाज्या लावा. गवार सगळ्यात पहिली. तिचं मूळ खोल जातं आणि उन्हात ती खुलते. पुसा नवबहार जातीला फांद्या फुटत नाहीत, सरळसोट वाढते, त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ झाडं बसतात. मग चवळी. आणि पालेभाज्यांत तांदुळजा, लाल माठ, अंबाडी. अंबाडी कशी करायची ते तुम्हा वैदर्भीयांना मी सांगायला नको. घोळ तर न पेरता उगवते, फक्त ती तण म्हणून उपटू नका.

वाल आणि पावटा लावायचा मोह होईल, कारण ‘शेंगाच की’ असं वाटतं. त्यांना फुलायला छोटे दिवस लागतात. उन्हाळ्यात वेल माजेल आणि शेंग एकही येणार नाही.

तांदुळजाचं बी खसखशीएवढं असतं. चिमूटभर बी मूठभर वाळूत कालवून फेका, नाहीतर एकाच जागी गर्दी होते. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरलं तर तीन-चार आठवड्यांत पहिली कापणी आणि पुढे पावसापर्यंत खंड नाही.

पाण्यासाठी जुनी युक्ती आहे, मडकं पुरायची. बाहेरून चकाकी नसलेलं लाल मातीचं, भाजलेलं साधं मडकं घ्या. गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाण्याने भरा, वर झाकणी ठेवा म्हणजे डास होणार नाहीत. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं आणि मुळं आपोआप त्याच्याभोवती जमतात. तुमच्या तुकड्यात अशी सहा मडकी पुरेत. काळी माती भेगाळते, भेगांतून ओल उडते, म्हणून वर चार बोटं आच्छादन हवंच. तुमच्याकडे कुटार, म्हणजे मळणीतला भुसा मिळतो, तो पसरा. वर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट, माणूस खालून चालेल इतकी उंच, आणि ती पश्चिमेकडे जमिनीपर्यंत सोडा. दुपारी तीनचं तिरकं ऊनच जास्त मारतं.

रबरी नळीने पाणी घालत असाल तर पहिल्या मिनिटाचं पाणी बादलीत सोडा. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी हाताला चटका देण्याइतकं गरम होतं आणि आपण तेच कोंबांवर ओततो. मी तांदुळजाचा अख्खा वाफा असा उकडला आहे.

उन्हाळ्यात कोथिंबीर कशी घ्यावी? माझी पंधरा दिवसांत फुलावर जाते.
— एक वाचिका, ठाणे

विकत घ्या. हट्टच असेल तर सकाळचं दोन तास ऊन मिळणाऱ्या पूर्वेच्या खिडकीत, धणे रगडून दोन फाकी करून, दाट पेरा आणि चार-पाच बोटं झाली की मुळासकट उपटून वापरा. झाड मोठं होईल अशी अपेक्षाच ठेवू नका. आता फुलावर आलेली मात्र राहू द्या. मधमाश्या त्यावर येतात आणि पलीकडच्या काकडीचंही काम करून जातात. पुढे हिरवे धणे येतात. त्यांची चटणी एकदा करून बघा.

नमस्कार काकू. मागच्या वर्षी आम्ही इथे घर घेतलं, मागे छोटं अंगण आहे. एप्रिलमध्ये ऊन बघून भेंडी आणि दुधी पेरला, काहीच उगवलं नाही. मेथी छान आली पण जूनमध्ये एकदम फुलावर गेली. इथलं गणित कसं मांडायचं? आणि तुम्ही साताऱ्याहून बी पाठवाल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमच्या भागातल्या बागेबद्दल मला जे कळतं ते माझ्या भाचीमुळे. ती तिकडेच राहते आणि तिच्या अंगणात मी दोन उन्हाळे काढले आहेत. आम्ही ऊन यायच्या आत पेरून मोकळे होतो. तुम्हाला ऊन मातीत मुरायची वाट बघावी लागते. एप्रिलमध्ये स्वेटर काढावासा वाटतो, पण माती अजून गारच असते, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रात्री दव गोठायची भीती असते. मी पहिल्या वर्षी भाचीला ‘एवढं लख्ख ऊन आहे, पेर की’ म्हणून भेंडी पेरायला लावली आणि तिने ती नंतर जूनमध्ये पुन्हा पेरली. ती अजून मला त्यावरून बोलते.

म्हणून एप्रिल हा तुमचा मेथी, पालक, मटार, मुळा, कोथिंबिरीचा महिना, म्हणजे आमचा नोव्हेंबर. मटार तर मार्च संपतानाच पेरायचा. त्याच सुमाराला टोमॅटो आणि मिरची घरात खिडकीशी पेरून ठेवायची. भेंडी आणि दुधी मेच्या सुरुवातीला कागदी पेल्यांत, घरातच. दोघांनाही मुळं हलवलेली आवडत नाहीत, म्हणून रोप काढत बसू नका, पेल्याचं बूड फाडून पेल्यासकट लावा. बाहेर नेण्याआधी आठ दिवस रोपांना सवय लावायची. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडं थोडं उन्हात, रात्री परत आत. हे टाळलंत तर पानं पांढरी पडतात. टोमॅटो मेच्या मध्यानंतर बाहेर. भेंडी आणि दुधी मे संपताना किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, माती हाताला कोमट लागल्यावर.

मेथी जूनमध्ये फुलावर गेली त्यात तुमचं काही चुकलं नाही. तुमच्याकडे जूनमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, दिवस लांबले की तिला फुलावर जायची घाई होते. ती उपटून तीच जागा भेंडीला द्या, तारीख बरोबर जुळते. मेथी पुन्हा ऑगस्ट संपताना पेरा, ती थंडीपर्यंत पुरेल. दुधीला जुलैत नुसती नर फुलं आली तर घाबरून मला पत्र लिहू नका, वर चिपळूणच्या ताईंना लिहिलंय ते वाचा आणि अंधार पडायच्या आत मांडवाखाली जा.

बी मात्र नाही पाठवणार. परदेशात बी पाठवायला रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर टपालातच जप्त होतं. तुमच्या गावात आपल्याकडच्या भाज्यांच्या बियांची पाकिटं दुकानात मिळतात, भाची तिथूनच आणते. मेथीसाठी तर तेही नको. किराणा दुकानातले मेथीदाणे घ्या, दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि तीन दिवसांनी उघडून किती फुटले ते मोजा. सात फुटले तर पिशवी पेरायला घ्या, तीनच फुटले तर लाडवाला.